मिसेस देवीदास कोण?

गुरुवारी सकाळी साडेदहाला, भिलाई कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, सत्यभामा कापगते हिने स्वतःच्या नवऱ्याचं नाव सांगितलं नाही.

विचारणारे सेठी साहेब तरुण होते, पंजाबी होते, बिनलग्नाचे होते आणि मान खाली घालून पेन्सिलीने लिहीत होते. समोरच्या बाकावर दोघीजणी. "पहली वाली, हजबंड्स नेम?" साहेब म्हणाले. पहिली म्हणजे सत्यभामा. ती पदराचं टोक दातात धरून शेजारच्या मैनाबाईकडे बघून हसली, आणि मैनाबाईने तिच्या वतीने खणखणीत सांगून टाकलं, "देवीदास!"

"दूसरी वाली?"

आता हसायची पाळी मैनाबाईची. सत्यभामा म्हणाली, "गुलाब."

दोघींच्या मते उत्तरं बरोबर होती, वेळेवर होती आणि रीतीला धरून होती. साकोलीपासून चरोद्याच्या रेल्वे कॉलनीपर्यंत कुठल्याही घरी हेच झालं असतं. बाईला नवऱ्याचं नाव विचारलं की ती हसते आणि शेजारीण सांगते. सेठी साहेबांच्या शिक्षणात हा भाग आलेला नव्हता. ज्या तोंडातून 'देवीदास' निघालं त्या तोंडाचा नवरा देवीदास, असं त्यांनी धरलं, मान वर केली आणि मैनाबाईकडे बोट दाखवलं.

"मिसेस देवीदास, पहले आप."

मैनाबाई हटवार परीक्षेला आलीच नव्हती. ती सोबतीला आली होती, कारण एकटी सुनबाई शटल गाडीने भिलाईपर्यंत जाणं कॉलनीला बरं दिसलं नसतं. शिवाय तिला आकाशगंगा बाजारातून चाळणी घ्यायची होती. पण साहेबाचं बोट आपल्याकडे आहे म्हटल्यावर ती उठली. सत्यभामाने तिचा पदर खेचला. 'नाही, ती मी' असं ओरडावं एवढं तिच्या जिभेवर आलं होतं. पण ती मी म्हणजे कोण, हे सांगायचं तर देवीदासची बायको असं म्हणावं लागलं असतं. म्हणून तिने पुन्हा पदर खेचला. मैनाबाईला वाटलं, पोरगी धीर देऊन राहिली. ती ताठ मानेने बोर्डासमोरच्या खुर्चीत जाऊन बसली.

परीक्षा आवाजाची होती. साहेब आतल्या खोलीत जाऊन फोनवर एकेक वाक्य बोलणार आणि बाईने ते तसंच परत म्हणायचं. चरोद्यात रुळांपलीकडे भटकलेली म्हैस मैनाबाई घराच्या पायरीवर उभी राहून परत बोलावते. ती तोंडाशी आलेल्या नळीत "हॅलो" म्हणाली तेव्हा तो हॅलो साहेबांना फोनमधूनही ऐकू आला आणि बंद दारातूनही. त्यानंतर सत्यभामाची पाळी झाली. तिचे उच्चार स्वच्छ होते, पण आवाज दबलेला, आणि डोळ्यांसमोर मैनाबाई.

साहेब बाहेर आले ते प्रसन्न चेहऱ्याने. "मिसेस देवीदास सिलेक्टेड," ते म्हणाले. "मिसेस गुलाब, थँक यू."

दोघी पायऱ्या उतरून रस्त्यावर आल्या. मैनाबाई म्हणाली, "लागलीस का व तू?"

"नाव तर माझ्याच त्याइचं घेतलं," सत्यभामा म्हणाली.

"मंग माझ्याकडे पाहून कावून हसला तो?"

यावर दोघी थांबल्या. चाळणी घ्यायची राहून गेली.

नोकरी एकच होती. धातूचे दगड आणि कोळसा भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, रात्रंदिवस चरोद्याच्या यार्डात येत होत्या, आणि कारखान्याच्या एक्स्चेंजमध्ये यार्डाच्या लाइनीसाठी निराळा बोर्ड बसला होता. यार्डातली माणसं नागपूर-भंडाऱ्याकडची. ती फोनवर घाईत काय बोलतात ते आधीच्या मुलीला कळेना. म्हणून ती बोली कळणारी आणि चार वाक्यं इंग्रजी बोलणारी बाई हवी होती. सत्यभामा साकोलीच्या शाळेत सातवी झालेली. तिचा नवरा देवीदास यार्डात पॉइंट्समन, म्हणजे सुट्या वाघिणी उतारावरून धडधडत येताना त्यांची वाट बदलून देणारा. लग्नाला दीड वर्ष झालेलं. सासरे भाऊराव गावी भातशेती बघत. त्यांनी दिवाळीलाच बोलून दाखवलं होतं: "सून तिथं कामाले लागली तर राहू दे. नुसती बसून राहत असन, तर धान कापाले हात पाहिजेत. मी येतो न् घेऊन जातो." माणूस वाईट नव्हता. बोलला की बोलला.

आणि सत्यभामाला भिलाई सोडायची नव्हती. तिला ती नवी वस्ती आवडली होती, जिथे कुणीच कुणाच्या आजोबांना ओळखत नाही. संध्याकाळी कारखान्यात लोखंडाचा तापलेला मळ ओतला की अर्धं आभाळ शेंदरी होई आणि चरोद्याच्या ओट्यावर बसून त्या उजेडात तांदूळ निवडता येत. देवीदास घरी आला की यार्डातली कुठली वाघीण कुठे घुसली ते हातवारे करून सांगे. धान कापायला गेली असती तर हे सगळं महिन्यातून एकदा येणाऱ्या पत्रात ऐकावं लागलं असतं, तेही सासऱ्यांनी मोठ्याने वाचून दाखवलेलं.

इंग्रजीची सोय थंकम्मा टीचरमुळे झाली. ही केरळची, रेल्वेच्या शाळेत शिकवायची आणि दुपारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये बायकांचा वर्ग घ्यायची. तिचं हिंदी तिने स्वतः बनवलेलं होतं. पहिल्या दिवशी तिने फळ्यावर 'नाउन' लिहिलं आणि म्हणाली, "जो चीज का नाम है, आदमी का नाम है, गाँव का नाम है, वो सब नाउन. एक-एक बोलो."

बायकांनी धडाक्याने सुरुवात केली. चूल, इंजिन, दुर्ग, नांदगाव, कोळसा. टीचर एकेकाचं इंग्रजी सांगत गेली. मैनाबाईच्या पाळीला तिने टेबलावरचं फूल उचलून दाखवलं. "ये क्या है? रोज़. बोलो, रोज़."

मैनाबाई गप्प.

"बोलो ना. इंग्लिश में रोज़, हिंदी में—"

"मले सारं माहीत आहे हिंदीत का म्हणतात ते," मैनाबाई म्हणाली. "म्हणूनच नाही बोलत."

मागून एकीने खुलासा केला की त्याच नावाचे एक गृहस्थ तिच्या घरी जेवतात. हॉल हसून कोसळला. टीचरने फूल पाण्यात ठेवलं आणि मैनाबाईला बटाटा दिला.

प्रोनाउनला मात्र टीचर घाबरत होती. शाळेतली पोरं तिथेच अडायची. तिने जपून सुरुवात केली: "देखो, नाम बार-बार नहीं बोलना. नाम की जगह एक छोटा शब्द रख दो. सबको समझ आता है कौन, लेकिन नाम नहीं लिया. इसको—"

"हे मोठं का नवल आहे?" सत्यभामा म्हणाली. "आमच्या घरी 'ते' हायेतच की."

"कौन?"

"तेच. 'ते आले', 'ते जेवले', 'त्याइले सांगजा'. लग्नापासून हेच तर करून राहिलो."

टीचरने खडू खाली ठेवला. सातव्या इयत्तेला जे पावसाळाभर समजावून झालं नव्हतं ते हॉलमधल्या सगळ्या बायकांना लग्नाच्या दिवसापासून येत होतं. मग वर्ग आवरेना. एक म्हणाली, माझे 'हे'. दुसरी म्हणाली, माझे 'आमचे घरचे'. तिसरी नवऱ्याला 'आयकलं का' म्हणायची. तो प्रोनाउन होतो का, यावर वाद झाला. टीचरने 'ही' आणि 'शी' सांगितलं तेव्हा मैनाबाई उठून उभी राहिली: "माणसाले ही न् बाईले शी? पाहून घ्या बाप्पा, साहेब लोकाइच्या घरी का चालते ते!" त्या दिवशी वर्ग सुटला तेव्हा बायका रुळांच्या कडेने एकमेकींना 'ही' आणि 'शी' म्हणत, पोट धरत घरी गेल्या. शंटिंग करणाऱ्या ड्रायव्हरने इंजिन थांबवून विचारलं, कोणाचं लग्न आहे.

एकच गोष्ट टीचरला सत्यभामाकडून करून घेता आली नाही. नवऱ्याबद्दल ती 'ही' म्हणेना. एकेरी होतं म्हणे.

"माय हजबंड," टीचर म्हणायची, "ही इज़ अ पॉइंट्समन."

"माय हजबंड. दे आर पॉइंट्समन."

"दे? कितने हजबंड हैं तुम्हारे?"

"एकच हाय. पन दे."

टीचरने तो विषय सोडून दिला. परीक्षेत तेवढं कोण विचारतं, असं तिला वाटलं.

गुरुवारी दुपारी दोघी परत आल्या तेव्हा चरोद्यात बातमी आधीच पोचली होती, आणि दोन तऱ्हांनी पोचली होती. नळावर अर्ध्या बायकांनी सत्यभामाच्या तोंडात साखर घातली, अर्ध्यांनी मैनाबाईच्या. मैनाबाईने साखर खाऊन घेतली आणि मग म्हणाली की मी तर सोबतीले गेली होती. टीचर शुक्रवारी स्वतः एक्स्चेंजमध्ये गेली. साहेबांना रीत समजावून सांगायला तिला बराच वेळ लागला. साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले.

"नाव देवीदासवालीचं लिहिलं, आवाज गुलाबवालीचा ऐकला," ते आपल्या भाषेत म्हणाले. "मला आवाज हवा आहे. पण नाव बोलू न शकणारी ऑपरेटर मी बोर्डावर बसवू कशी? दिवसभर हेच काम आहे, कोण बोलतंय आणि कोण हवंय. उद्या यार्डातून कोणी म्हणालं, देवीदासला द्या. तर ही काय करणार, हसणार?"

शेवटी असं ठरलं: सोमवारी दहा वाजता दोघींनी यावं. एकेकटीने. शेजारीण खोलीच्या बाहेर. जिने तिने आपलं नाव आणि आपल्या नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडाने, इंग्रजीत, फोनवर सांगायचं. मग बोर्ड चालवून दाखवायचा.

टीचरने निरोप आणला तेव्हा सत्यभामा चुलीपुढे होती. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायची विसरली.

त्या संध्याकाळी देवीदास पाय धुऊन, केस विंचरून पाटावर येऊन बसला. उंच, हडकुळा माणूस. एरवी घरात शांत. आज चेहऱ्यावर सण होता.

"घे बरं नाव," तो म्हणाला.

"तुमी असे पाहू नका जी."

"बरं, नाही पाहत." त्याने तोंड भिंतीकडे केलं. कान मात्र लाल झाले होते. लग्नात गलबला एवढा होता की तिने घेतलेलं नाव त्याला ऐकूच आलं नव्हतं, हे त्याने दीड वर्षात कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"दे…" सत्यभामा म्हणाली आणि तिला उचकी लागली.

"अर्धं झालं," देवीदास भिंतीला म्हणाला.

"दे… दे… देवळात जाऊन येऊ का आधी?"

त्याने पाणी दिलं. तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मग ओट्याच्या खाली. मग नळापाशी, आणि तिथून ओरडला, "आता घे! आयकू येत नाही मले!" तेव्हा कॉलनीतली सगळी दारं उघडली आणि प्रयोग बंद करावा लागला.

जेवताना तो म्हणाला, "एवढी कावून भेतेस? चार अक्षरं तर हायेत."

तिने मान वर केली नाही. "तुमी वाघिनीइच्या मधात पळता," ती म्हणाली. "माझी आजी म्हणे, नाव घेतलं का आयुष्य कमी होते. मी खरं मानत नाही. पन तुमी वाघिनीइच्या मधात पळता."

देवीदासने तिच्या ताटात लोणचं वाढलं.

वाट मैनाबाईने काढली. शनिवारी वर्गात सगळ्या बायका सत्यभामाभोवती गोळा झाल्या असताना ती म्हणाली, "अवं, नाव सांगनं येगळं न् नाव घेनं येगळं. उखाण्यात घेतलं तर कुठं काय होते? मंगळागौरीले घेतो, डोहाळजेवणाले घेतो, तवा कोनाचं आयुष्य कमी झालं?"

एवढं साधं कुणाला सुचलं नव्हतं.

"लेकिन इंग्लिश में बोलना है," टीचर म्हणाली. उखाणा म्हणजे काय ते तिला आत्ताच कळलं होतं आणि ती खुर्चीच्या टोकावर आली होती. "राइम चाहिए. बोलो, नाउन, टाउन, डाउन…"

त्यानंतर जे झालं त्याला वर्ग म्हणता येणार नाही. बायका इंग्रजी यमकं हवेत फेकत होत्या आणि टीचर झेलत होती. 'कप में टी, स्पून में शुगर' असं एक झालं. पुढे नवरा कुठे बसवावा ते कळेना. 'इंजिन इज़ ब्लॅक, सिग्नल इज़ रेड' याच्यापुढे 'बेड' आला, आणि म्हाताऱ्या बायकांनी तो हसत हसत नामंजूर केला. पंचफुला नावाची नवी नवरी, जी महिनाभर तोंडातून शब्द काढत नव्हती, ती एकाएकी म्हणाली, "माझे हे फिटर, चहा त्याइचा बिटर," आणि मग आपणच दचकून पदराआड गेली. हा उखाणा सगळ्यांना इतका आवडला की तो सत्यभामाला द्यावा अशी सूचना आली. पण देवीदास फिटर नव्हता.

शेवटी टीचरने एक नीटस उखाणा जुळवून दिला. सत्यभामाने तो पाठ केला. रविवारी सकाळी तो चुलीपुढे म्हटला, नळावर म्हटला. रविवारी दुपारच्या पॅसेंजरने भाऊराव आले, आणि तो समूळ विसरला गेला.

भाऊरावांनी धोतराचा सोगा सावरत घर पाहिलं, सुनेच्या हातचं पाणी घेतलं आणि म्हणाले, "कामाचं काय झालं?"

"उद्या हाय मामाजी," सत्यभामा दाराआडून म्हणाली. "परीक्षा."

"झाली नव्हती का?"

"झाली होती. पन कोन पास झालं ते समजून नाही राहिलं."

भाऊरावांनी सुपारी कातरली. हे उत्तर त्यांनी पुष्कळ वेळ चघळलं. "बुधवारच्या गाडीनं निघू," ते म्हणाले. "लागली तर राहजो. नाही तर ट्रंक भरून ठेव."

तिने ट्रंक भरून ठेवली.

सोमवारी दहा वाजता मैनाबाई आणि टीचर एक्स्चेंजच्या व्हरांड्यात थांबल्या आणि सत्यभामा एकटी आत गेली. बोर्डावर भोकांच्या रांगा, खाली वायरींची शेपटं. तिने कानांवर हेडफोन चढवला. आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज आला: "यार्ड केबिन दीजिए."

हे गुरुवारी दाखवलं होतं, तिला येत होतं. तिने वायर यार्डाच्या भोकात घातली, बटण दाबलं. पलीकडून केबिनमास्तर पुंडलिकराव भोंग्यातून बोलावं तसे बोलले, आणि ते भोंग्यातूनच बोलत होते. यार्डाची लाइन सगळ्या केबिनींना मिळून एकच, आणि प्रत्येक केबिनीत तिला कर्णा जोडलेला, म्हणजे हात कामात असले तरी माणसाला ऐकू यावं. साहेबांनी कोळशाच्या गाडीची चौकशी केली. पुंडलिकराव आपल्या बोलीत जे म्हणाले ते सत्यभामाने साहेबांना हिंदीत सांगितलं. एकही शब्द सांडला नाही. साहेब "गुड" म्हणाले.

आता वायर काढायची होती. तिने हात पुढे केलाच होता, तेवढ्यात साहेब म्हणाले, "नाउ टेल मी. हू इज़ स्पीकिंग?"

हात तिथेच राहिला.

"सत्यभामा," ती म्हणाली.

"मिसेस?"

टीचरचा उखाणा डोक्यात शोधला तर तिथे फक्त ट्रंक होती. खिडकीतून तिला व्हरांड्यातली मैनाबाई दिसली. ती ओठ आवळून, दोन्ही हातांनी आपलंच तोंड दाबून उभी होती, चुकून उत्तर देऊ नये म्हणून. सत्यभामाला हसू आलं. हसू आलं तसा आवाज मोकळा झाला. तिने पदर डोक्यावरून, हेडफोनच्याही वरून, नीट ओढून घेतला, जसा चारचौघींत नाव घेताना घेतात, आणि नळीत म्हणाली:

"नाउन इज़ सन, प्रोनाउन इज़ मून,
देवीदास इज़ ऑन ड्यूटी, दे विल कम सून!"

व्हरांड्यात टीचरने आनंदाने टाळी वाजवायला हात उचलले आणि 'दे' ऐकून ते कपाळावर मारले.

आतून साहेबांचा आवाज आला नाही. आला तो वेगळाच आवाज, हेडफोनमधून, यार्डाच्या बाजूने. आधी खरखर. मग पुंडलिकराव: "अर्रर्र! वहिनी, नाव घेतलं का जी?" मग दुसऱ्या केबिनीतून कोणीतरी, मग तिसरीतून: "कोनाचं घेतलं?" "देवीदासचं!" "कोनता देवीदास?" "आपलाच की बे!" कुठेतरी कोणी शिट्टी फुंकली, गार्डाची.

सत्यभामाने वायरीकडे पाहिलं. ती अजून भोकात होती. मग हेडफोनमधून एक आवाज आला आणि ती खुर्चीतून उठून उभी राहिली, कारण त्या आवाजासमोर ती कधी बसली नव्हती.

"हे काय म्हणे पोरगी?" भाऊराव विचारत होते. मुलाचं काम बघायला म्हणून ते सकाळपासून केबिनीत चहा घेत बसले होते.

"इंग्रजी हाय, बाबा." हा देवीदास. आवाज जरा घोगरा.

"नाव तुयंच घेतलं न?"

"हो."

"साऱ्या यार्डात?"

"हो, बाबा."

उतारावरून येणाऱ्या वाघिणींचा लांबचा धडधडाट तेवढा ऐकू येत होता. सत्यभामाने डोळे मिटले.

"मंग पुन्हा घ्याले सांग," भाऊराव म्हणाले. "मले पुरतं आयकू नाही आलं."

तिने पुन्हा घेतलं. या खेपेला यार्डाने टाळ्या दिल्या, आणि एका केबिनीने दुसरीला विचारलं की सून म्हणजे आपली सून का. त्यावर पुंडलिकरावांनी सगळ्यांना कामाला लागा म्हणून दम भरला. लाइन सुटण्याआधी तिला देवीदासचं हसणं ऐकू आलं, बारीक, नाकातलं, जे तो भिंतीकडे तोंड करून हसतो.

सेठी साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता. रागाने की कशाने, ते टीचरलाही ओळखता आलं नाही. "लाइन खुली राहिली," ते म्हणाले. "बोर्डावर ही चूक मोठी आहे." मग म्हणाले, "ये 'दे' कौन है?" टीचर समजावून सांगू लागली तर त्यांनी हात वर केला. मैनाबाईला आत बोलावलं.

मैनाबाई आत गेली. गुरुवारपासून ती म्हशीलासुद्धा हॅलो म्हणत होती आणि परवा नळावर बोलली होती की नोकरी काही वाईट नाही व, खुर्ची मऊ आहे. दार बंद झालं. आतून तिने घेतलेलं नाव व्हरांड्यापर्यंत स्पष्ट ऐकू आलं. उखाण्यात रोज़ होता आणि तो तिने ठासून म्हटला. बाहेर येऊन तिने सत्यभामाच्या दंडाला चिमटा काढला. "मी यार्डाची वायर काढून ठेवली होती," ती म्हणाली. "पन माझा आवाज गेला असन तसाही."

साहेब दोघींना म्हणाले, कळवू.

शटलमध्ये दोघी शेजारी बसल्या आणि चरोदा येईपर्यंत हसत होत्या. मधे एकदा थांबून त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, नोकरी एकच आहे हे आठवून, आणि पुन्हा हसू फुटलं.

बुधवार संध्याकाळपर्यंतची माहिती अशी. निकाल लागलेला नाही. यार्डात देवीदासला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे त्याला 'दे' म्हणतात, आणि तो ओ देतो. नळावर साखर वाटायची कोणी घाई केलेली नाही. बुधवारची पॅसेंजर वेळेवर सुटली. भाऊराव तिच्यात बसले नाहीत. विचारलं तर म्हणाले, घाई नाही, धान अजून ओलं आहे. सत्यभामाची ट्रंक भरलेली आहे. ती अजून कोणी उघडलेली नाही.